जन्माचं इंजिन आणि जुळतं इंजिन: १९६९ ची कॅमॅरो घेण्याआधी

जुन्या अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्यांच्या, जाहिरातीत ‘नंबर्स मॅचिंग’ (गाडीचे आणि इंजिनाचे नंबर जुळतात) हे शब्द सर्रास दिसतात आणि त्यांच्या आडून दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. कारखान्यात ज्या गाडीत बसवलं त्याच गाडीत आजवर टिकलेलं, ते जन्माचं इंजिन. त्याच प्रकारचं, त्याच सुमाराला बनलेलं, पण दुसऱ्या गाडीतून काढून आणलेलं, ते जुळतं इंजिन. दोन्ही सारखीच दिसतात, सारखीच वाजतात. किमतीत मात्र मोठी तफावत पडते.

आपल्याकडे आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, म्हणून कागद पाहिला की काम झालं असं वाटतं. अमेरिकेतल्या टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, साधारणपणे फक्त चासी नंबर असतो, तिकडे त्याला व्हीआयएन म्हणतात. १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरोचा व्हीआयएन इंजिनाबद्दल एवढंच सांगतो की ते सहा सिलिंडरचं आहे की व्ही-८. झेड-२८ या कॅमॅरोच्या खास वेगवान प्रकाराचं ३०२ घनइंची इंजिन की साधं ३०७, हे त्यातून कळत नाही. क्रायस्लरचं बरं आहे: १९७० च्या गाडीच्या व्हीआयएनमधलं पाचवं अक्षर ‘आर’ असेल, तर ती ४२६ घनइंची हेमी इंजिन घेऊनच कारखान्यातून निघाली. फोर्डच्याही व्हीआयएनमध्ये इंजिनाचं अक्षर असतं आणि १९६७ पासूनच्या गाड्यांचा कारखान्यातला तपशील मार्टी रिपोर्टमधून, म्हणजे फोर्डच्या जुन्या नोंदींवरून काढलेल्या अहवालातून, मिळतो. शेव्हरोलेत मात्र सगळी भिस्त इंजिनाच्या लोखंडावरच्या नंबरांवर.

विक्रेता आधी कास्टिंग नंबर दाखवतो. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, ओततानाच उठलेला हा नंबर मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर असतो. त्यावरून ओळख पटते ती साच्याची, गाडीची नाही. ३९७००१० हाच नंबर घ्या. १९६९ च्या ३०२ इंजिनांतही तो सापडतो आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या साध्या ३५० इंजिनांतही. ओतल्याची तारीखही फसवू शकते. ‘सी ५ ९’ म्हणजे ५ मार्च आणि वर्षाचा शेवटचा आकडा ९. ते १९६९ असेल किंवा १९७९.

खरी साक्ष पॅडची. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी बाहेर डोकावते, तेच हे पॅड. (उजवी बाजू म्हणजे तिकडे प्रवाशाची, ड्रायव्हरची नव्हे.) समजा त्यावर ‘व्ही ०३१२ डीझेड’ असं पंच केलंय. ‘व्ही’ म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०३१२ म्हणजे १२ मार्च आणि ‘डीझेड’ हा १९६९ च्या झेड-२८ चा कोड. मग गाडीच्या व्हीआयएनचा तुकडा शोधायचा: ‘१९एन’ आणि पुढे सहा आकडे. १ म्हणजे शेव्हरोले, ९ म्हणजे १९६९, ‘एन’ म्हणजे ओहायोतलं नॉरवूड. हे सहा आकडे गाडीच्या व्हीआयएनच्या शेवटच्या सहा आकड्यांशी जुळलेच पाहिजेत. जुळत्या इंजिनावर ‘डीझेड’ असेल, तारीखही चपखल बसेल, पण हे सहा आकडे दुसऱ्याच गाडीचे निघतील.

तारखांचा क्रमही तपासा. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी. काउल टॅगवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्यावर लावलेल्या कारखान्याच्या पट्टीवर, ‘०३सी’ म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा असेल, तर वरच्या तारखा त्यात बसतात. इंजिन गाडीनंतर बनलेलं निघालं, तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही.

आता बनवाबनवी. आकडे कोणीही पुन्हा पंच करू शकतो, म्हणून मी आकड्यांआधी त्यांच्याखालचा पृष्ठभाग पाहतो. कारखान्यात ब्लॉकचा वरचा फेस ब्रोचिंग मशीनवर, म्हणजे सरळ रेषेत ओढल्या जाणाऱ्या दातेरी हत्याराने, कापत, त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उमटत. जुने आकडे घालवायला फेस मारला, म्हणजे नव्याने सपाट केला, की त्या रेघा जातात आणि बहुधा गोलाकार ओरखडे उरतात. शिवाय इंजिनाचा कोड फ्लिंटमध्ये पंच होई, व्हीआयएनचा तुकडा नॉरवूडमध्ये; म्हणजे वेगळी जागा, वेगळा दिवस, वेगळी हत्यारं. दोन्ही ओळी एकाच खोलीच्या, एकाच वळणाच्या आणि एका रेषेत दिसल्या, तर मला तिथेच संशय येतो.

पण रेघा नाहीत म्हणजे फसवणूकच, असंही नाही. पन्नास वर्षांत एखाद्या मालकाने इंजिन ओव्हरहॉल करताना प्रामाणिकपणे फेस मारलेला असू शकतो. अशा वेळी ऑइल फिल्टरच्या वर, ब्लॉकच्या खडबडीत भागावर पाहा. १९६९ च्या काही गाड्यांत व्हीआयएनचा तुकडा तिथे असतो आणि फेस मारला तरी तो शाबूत राहतो. मूळ प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटी पुस्तिकेसोबतची धातूची पट्टी, हाती लागली तर उत्तमच, कारण तिच्यावर इंजिनाचा कोड उठवलेला असतो.

पॅडवर ‘सीई’ दिसलं, तर तो ब्लॉक कंपनीनेच वॉरंटीत बदलून दिलेला. जन्माचा नव्हे, पण लबाडीचाही नव्हे. जुळतं इंजिन तसं सांगून विकणाऱ्याबद्दलही माझी काही तक्रार नाही. तशी गाडी मी आनंदाने घेईन, जुळत्या इंजिनाच्या किमतीला.

पाहणीला जाताना थिनर, मऊ फडकं आणि टॉर्च न्या. रंग आणि तेलकट थर थिनरने हळूच उतरवा, उजेड तिरपा पाडा, फोटो काढा. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर पॅडला लावू नका आणि विक्रेत्यालाही लावू देऊ नका. दोन-चार हात फिरले तरी ब्रोचच्या रेघा पुसल्या जातात.