स्ट्रेंथ आणि क्वालिटी: फ्री डिश बसवताना कोणत्या पट्टीकडे बघायचं?

डीडी फ्री डिशच्या बॉक्सचा मेन्यू उघडला की खाली दोन आडव्या पट्ट्या दिसतात. एक स्ट्रेंथ, दुसरी क्वालिटी. गच्चीवर एकजण छत्री फिरवत असतो, खाली टीव्हीसमोर बसलेला दुसरा ओरडतो, "थांब, थांब, ऐंशी टक्के आलंय!" बोल्ट आवळले जातात, स्कॅन लावला जातो आणि एकही चॅनल सापडत नाही. खालच्यानं वाचलेली पट्टी स्ट्रेंथची असते. डिशचं तोंड शेजारच्या भिंतीकडे केलं तरी ही पट्टी ऐंशीवर जाऊ शकते. डिश उपग्रहाकडे वळली आहे की नाही, हे फक्त क्वालिटी सांगते.

दोन्ही पट्ट्या 'सिग्नल'च्याच म्हणून ओळखल्या जातात, त्यामुळे त्या एकच वाटतात. त्यांचा फरक कळण्यासाठी दांडीच्या टोकाला बसवलेल्या एलएनबीकडे बघावं लागतं. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे आणि तिथून येणाऱ्या लहरी अतिशय क्षीण असतात. डिश त्या गोळा करून एलएनबीच्या तोंडात टाकते. एलएनबी त्यांची वारंवारता १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झवरून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो आणि त्यांची ताकद लाखो पटींनी वाढवतो. मात्र उपग्रहाचं कोणतं आणि फालतू कोणतं, हे त्याला कळत नाही. जमीन, भिंत, झाड, ढग, स्वतः एलएनबीतले सुटे भाग, ज्याला म्हणून तापमान आहे त्या प्रत्येकातून रेडिओलहरींची खरखर निघते. तीही तितकीच वाढवून केबलमधून खाली येते.

स्ट्रेंथ म्हणजे बॉक्सपर्यंत पोचलेली एकूण ताकद: सिग्नल अधिक खरखर. क्वालिटी म्हणजे त्या खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे आणि बॉक्सला त्यातले आकडे न चुकता वाचता येतात का. जत्रेत कर्ण्यावरून तुमचं नाव पुकारलं जात असेल, तर सगळा मिळून आवाज किती मोठा आहे ती स्ट्रेंथ, आणि त्यातून तुमचं नाव कानाला कळतं का ती क्वालिटी.

भिंतीचं उदाहरणही यातूनच उलगडतं. मोकळं आकाश रेडिओलहरींच्या हिशेबात थंड असतं, भिंत आणि जमीन गरम. म्हणून डिश आकाशावरून भिंतीकडे वळवली की खरखर वाढते, आणि काही बॉक्सवर स्ट्रेंथ चक्क वर चढते.

एलएनबी ही सीमा

डिश बसवणाऱ्यानं ध्यानात ठेवावं ते एवढंच: एलएनबीच्या आधी जे बिघडतं ते क्वालिटी खातं, एलएनबीच्या नंतर जे बिघडतं ते मुख्यतः स्ट्रेंथ खातं. चुकलेली दिशा, चुकलेला एलएनबीचा पीळ (तो स्वतःभोवती किती फिरवला आहे ते), समोरचं झाड, पाऊस, चेपलेली डिश, एलएनबीच्या तडकलेल्या टोपणातून आत गेलेलं पाणी हे सगळं आधीचं. इथे सिग्नल कमी होतो, खरखर तेवढीच राहते किंवा वाढते. लांब केबल आणि स्प्लिटर (एका केबलचा सिग्नल दोन-तीन ठिकाणी वाटणारा जोड) हे नंतरचं. इथे सिग्नल आणि खरखर दोन्ही सारख्या प्रमाणात घटतात, त्यामुळे गुणोत्तर जवळजवळ तेच राहतं.

म्हणूनच चित्र फुटतंय म्हणून केबलच्या मध्ये लाइन अँप्लिफायर बसवणं बहुतेक वेळा वाया जातं. त्यानं स्ट्रेंथ वाढते, पण खरखरही तितकीच वाढते. केबल लहान असेल तर ट्यूनरवर (बॉक्समधला सिग्नल पकडणारा भाग) जास्त दाब येऊन असलेली क्वालिटीही पडते. अँप्लिफायरचा उपयोग चाळीस-पन्नास मीटरच्या पुढच्या केबलला, तोही एलएनबीच्या जवळ बसवला तर. घरगुती वीस मीटरला आरजी-६ केबल पुरते. फ्री डिशच्या वारंवारतांना तिच्यात साधारण ५ डेसिबल जातात आणि एलएनबीच्या वाढीपुढे ते किरकोळ आहेत.

दिशा: क्वालिटीचा मोठा हिस्सा इथे

फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर उभा आहे. महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला, म्हणून डिश आग्नेयेकडे वळते. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलेला कोन मुंबईत १३१ अंश, पुण्यात १३२, पणजीत १२७, नागपुरात १४४.५. क्षितिजापासूनची उंची मुंबईत ५७.५ अंश, पुण्यात ५९, नागपुरात ६०, पणजीत ६१. होकायंत्र चालतं, आपल्याकडे त्यातली चूक एका अंशाच्या आत असते. पण ते डिशच्या लोखंडाला चिकटवून धरू नका. चार पावलं मागे उभं राहून समोरची एखादी खूण हेरा आणि डिश त्या खुणेकडे वळवा.

नेहमीची छोटी डिश ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे एलएनबी तिच्या मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. मुंबईत ५७.५ अंशांची उंची साधताना डिशचा पत्रा उभ्या रेषेपासून फक्त तेहतीसेक अंश मागे झुकलेला दिसतो. डोळ्याला ती फारच उभी वाटते, आणि पहिल्यांदा बसवणारा तिला आणखी मागे पाडतो. डोळ्यावर न जाता ब्रॅकेटवरची पट्टी वाचा. ती पट्टी खरी ठरायला खांब ओळंब्यात हवा. खांब २ अंश कलला असेल तर डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत राहते.

६० सेंटिमीटरची डिश सुमारे ३ अंशांच्या झोतातून बघते. मधल्या रेषेपासून दीड अंश सरकलात की अर्धी ताकद गेली. डिशची कड १ सेंटिमीटर हलवली तर दिशा जवळजवळ २ अंश बदलते. म्हणजे सगळा खेळ बोटाच्या पेराएवढ्या जागेत आहे. उंची पट्टीवर पक्की करा, मग कड अर्धा सेंटिमीटर सरकवा, हात काढा, दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सला क्वालिटी मोजायला वेळ लागतो. भरभर फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो आणि स्ट्रेंथ मात्र पूर्ण वेळ वरच दिसत राहते. पूर्ण फेरीत काहीच मिळालं नाही तर उंची एक अंशानं बदलून पुन्हा फेरी.

क्वालिटी उगवली की लगेच आवळायची नाही. डावीकडे सरकवत ती कुठे पडते तिथे पेन्सिलनं खूण करा, उजवीकडे तसंच, आणि डिश दोन खुणांच्या मधोमध आणा. मग हेच वर-खाली. मधोमध बसलेल्या डिशला पावसाळ्यात तग धरायला वाव राहतो. काठावर बसलेली डिश उन्हात छान चालते आणि जूनमध्ये पहिल्या सरीला झोपते. बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, एकच बोल्ट पूर्ण आवळला तर डिश ओढली जाते. पान्हा फिरत असताना नजर क्वालिटीवर हवी.

शेजारच्या ९५ अंशांवर एसईएस-८ उपग्रह आहे, त्यावरून पैसे भरून बघायचं डीटीएच येतं. तो इतका जवळ आहे की क्वालिटी मिळूनही स्कॅनमध्ये भलतीच, कुलूपबंद चॅनलं येऊ शकतात. तसं झालं तर डिश किंचित दक्षिणेकडे, म्हणजे डिशच्या मागे उभं राहून बघताना उजवीकडे, सरकवा.

एलएनबीचा पीळ

सर्वांत जास्त दुर्लक्ष याकडे होतं, आणि पश्चिम महाराष्ट्रात याचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. फ्री डिशचा सिग्नल व्हर्टिकल ध्रुवणात येतो, म्हणजे त्याच्या लहरी उभ्या दिशेत डोलतात. पण उपग्रह आपल्या दक्षिणेला नसून आग्नेयेला असल्यानं त्याचं 'उभं' आपल्याला तिरकं दिसतं. मुंबई-पुण्यात हा तिरकेपणा जवळजवळ ४५ अंश आहे, पणजीत ५०, नागपुरात ३३. एलएनबी केबलचं तोंड सरळ खाली ठेवून बसवला तर मुंबईत तो अर्धाच सिग्नल उचलतो आणि आडव्या ध्रुवणातलं जे काही असेल ते तितकंच आत घेतो. एकूण ताकद जवळपास तीच, म्हणून स्ट्रेंथ काहीच बोलत नाही. क्वालिटी तीस-चाळीसवर घुटमळत राहते.

डिशच्या समोर उभं राहून एलएनबीकडे बघितलं, तर तो घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा: केबलचं तोंड सहाच्या आकड्यावरून मुंबई-पुण्यात साडेसातवर, नागपुरात सातवर. तिथून सुरुवात करून क्वालिटी बघत पाच-पाच अंश मागेपुढे करा. समोर उभं राहताना अंगानं डिश झाकू नका, बाजूनं हात घाला.

दोन्ही पट्ट्या एकत्र वाचताना

दोन्ही शून्य: एलएनबीला वीज पोचत नाही. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर उघडून बघा. वरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली असेल तर शॉर्ट होतो. बॉक्स बंद करून मगच हात घाला. मधली तार कनेक्टरच्या काठाबाहेर दोनेक मिलिमीटर आलेली असावी. बॉक्सच्या मेन्यूत एलएनबी पॉवर बंद असेल तरी हेच दिसतं.

स्ट्रेंथ भरपूर, क्वालिटी शून्य: बहुधा दिशा. पण गच्चीवर चढण्याआधी मेन्यू तपासा. एलएनबी प्रकार युनिव्हर्सल, ९७५० आणि १०६०० असा हवा; वारंवारता खाली आणताना एलएनबी हेच आकडे वजा करतो. फ्री डिशचा ११०९० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपॉन्डर (चॅनलांचा एक गठ्ठा पाठवणारा उपग्रहावरचा प्रक्षेपक) ९७५० वजा करून १३४० वर येतो आणि बॉक्स तिथे शोधतो. मेन्यूत फक्त १०६०० ठेवलं तर तो ४९० वर शोधेल, जिथे ट्यूनर पोचतच नाही. सी बँड या वेगळ्या वारंवारता-पट्ट्याचे ५१५० निवडले गेले असतील तरी तेच. ध्रुवण व्ही (व्हर्टिकल) आणि सिम्बॉल रेट (सिग्नलमधली माहिती येण्याचा वेग) २९५०० बरोबर आहे ना, तेही बघा.

याच जोडीचं आणखी एक कारण जुन्या बॉक्सवाल्यांना चकवतं. फ्री डिशवर काही चॅनलं एमपेग-२ मध्ये आहेत, काही एमपेग-४ मध्ये; या चित्र दाबून लहान करण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती. एमपेग-४ वाली डीव्हीबी-एस२ या सिग्नल पाठवण्याच्या नव्या पद्धतीनं येतात. जुन्या एमपेग-२ बॉक्सचा ट्यूनर त्या ट्रान्सपॉन्डरवर स्ट्रेंथ पूर्ण दाखवतो, क्वालिटी शून्य. तिथे डिश हलवली तर चालू असलेली चॅनलंही जातात. बाकीच्या ट्रान्सपॉन्डरवर क्वालिटी चांगली असेल तर छत्रीला हात लावू नका, बॉक्स बदला.

स्ट्रेंथ स्थिर, क्वालिटी वर-खाली: वाऱ्यानं खांब हलतोय किंवा फांदी मध्ये येतेय. स्ट्रेंथ कमी, क्वालिटी चांगली: काहीही करू नका. ही व्यवस्था उत्तम चालते. दोन्ही हळूहळू महिनोन्‌महिने उतरत असतील, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरून तांबं हिरवं पडलंय. जोड कापून नवा कनेक्टर लावा, स्वयंचिकट रबरी टेप गुंडाळा, आणि एलएनबीपाशी केबलला खाली लोंबणारा झोल ठेवा म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल.

टक्क्यांना कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही. एका बॉक्सवरचे साठ दुसऱ्यावर ऐंशी असू शकतात. तुलना करायची ती त्याच बॉक्सवर, त्याच ट्रान्सपॉन्डरवर, कालच्या आकड्याशी. डिश नीट बसली त्या दिवशीची निरभ्र आकाशातली क्वालिटी बॉक्सखाली चिठ्ठीवर लिहून ठेवली, तर पुढच्या प्रत्येक तक्रारीला आधार मिळतो.

पाऊस आणि ऊन

मुसळधार पावसात थेंब सिग्नल शोषतात आणि स्वतःची खरखर भरतात. स्ट्रेंथ फारशी हलत नाही, क्वालिटी कोसळते, चित्राचे चौकोन होतात आणि मग ते अडकतं. पाऊस ओसरला की आपोआप परत येतं. त्या दहा मिनिटांत गच्चीवर जाऊन डिश हलवू नका. कोकणात पावसाळा लांब आणि दाट, तिथे ६० ऐवजी ७५ ते ९० सेंटिमीटरची डिश घेतली तर अशा अडकण्याची मिनिटं कमी होतात.

याच्या उलट प्रकार वर्षातून दोनदा होतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या आगेमागे, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याची खरखर थेट एलएनबीत शिरते. स्ट्रेंथ वाढते, क्वालिटी काही मिनिटं पडते. यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

पण या दिवसांचा एक उपयोग आहे. त्या वेळी सूर्य जिथे असतो तिथेच उपग्रह असतो. नवी डिश कुठे बसवायची हे ठरवायचं असेल तर तेव्हा गच्चीवर जाऊन बघा: ज्या जागेवर पूर्ण ऊन पडलंय तिथून उपग्रह दिसतो, झाडाची किंवा टाकीची सावली पडली असेल तर तिथे खांब रोवू नका. इतर दिवसांत अंदाज असा घ्या, की आग्नेयेला ४ मीटरवर असलेली भिंत डिशपेक्षा ५ मीटर उंच असली तरी अडत नाही. झाड मात्र वाढतं, आणि भिजलेलं पान सुक्या पानापेक्षा जास्त सिग्नल अडवतं.