सर्कशीचे जुने फोटो आणि ‘बंदीपूर्वीचा’ हा शब्द

भातकापणी उरकून जमीन वाळली की कोकणात सर्कशीचा तंबू उभा राहतो आणि पावसाच्या आत तो उतरवावाच लागतो. म्हणूनच रत्नागिरी-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या घरांत जपलेले सर्कशीचे फोटो बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यातले असतात. मुंबईत १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस सुरू झाली, तेव्हाच्या काचेच्या प्लेटांवर तंबूतल्या उजेडात झुल्यावरची उडी उमटणे शक्य नव्हते. पुढे ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आणि वेगवान फिल्म आल्यावर ती उमटू लागली, तरी फ्लॅश धोक्याचाच राहिला, कारण हवेत समोरचे हात पकडणाऱ्याचे डोळे क्षणभरही दिपून चालत नाहीत. त्या फोटोंतला जाड रवा, म्हणजे वेगवान फिल्मवर दिसणारे ठळक कण, हा पुष्कळदा याच अडचणीचा परिणाम आहे.

खरा घोळ आहे तो प्राण्यांच्या फोटोंखाली सर्रास लिहिल्या जाणाऱ्या ‘बंदीपूर्वीचा’ या शब्दाचा. प्राण्यांच्या खेळांवर बंदी घालणारी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९१ ची; ती न्यायालयात अडकली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली त्याच वर्षी, म्हणजे १४ ऑक्टोबर १९९८ रोजी, नवी अधिसूचना निघाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली २००१ मध्ये. म्हणजे ‘बंदी’ नेमकी कोणत्या वर्षाची, हेच आधी ठरवावे लागते. शिवाय १९९८ च्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह एवढेच होते. हत्ती, घोडे, उंट तिच्यात नव्हते आणि १९९१ च्या यादीतले कुत्रेही वगळले गेले होते. तेव्हा नुसता हत्ती दिसला म्हणून फोटो १९९८ पूर्वीचा ठरवणे ही सरळ चूक आहे.

प्राणी गेल्यामुळे कॅमेरा रिंगणातून तंबूमागे वळला, हे विधानही तपासून घ्यावे असे आहे. एका अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९८९-९० मध्येच भारतीय सर्कशींतील कलावंतांचे जगणे कृष्णधवल फोटोंत टिपले होते. बंदीनंतर वाढले ते उदास विदूषकांचे फोटो, आणि त्यांतले बरेचसे एकाच साच्याचे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केल्यापासून बालकलावंत दिसणाऱ्या फोटोंवरही तशीच घाईने तारीख घातली जाते. त्यापेक्षा फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का आणि तंबूबाहेरच्या फलकावरचे तिकिटाचे दर आधी पाहावेत.