सर्किटचा तुकडा आणि त्याची मोकळी टोके : पार्श्वभूमी

एकदा आखलेले स्टार-डेल्टा स्टार्टरचे (मोठी मोटर कमी धक्क्याने सुरू करणाऱ्या जोडणीचे) सर्किट पुढच्या प्रत्येक मोटरसाठी नव्याने आखावे लागू नये, ही विद्युत नियंत्रण पॅनेल डिझाइन करणाऱ्यांची इच्छा संगणकाहून जुनी आहे. जुन्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवून हवा तेवढा भाग गिरवून घेतला जाई. मात्र तुकड्याच्या कडेला तुटलेल्या तारा नव्या पानावर कुठे जुळवायच्या आणि दुसऱ्या कॉन्टॅक्टरला (विजेने चालणाऱ्या स्विचला) ‘के१’ऐवजी ‘के२’ म्हणायचे, हे ड्राफ्ट्समन स्वतः ठरवत असे. संगणकाने गिरवण्याचे काम लवकर उचलले, पण जुळवण्याचे काम त्याच्या गळी उतरायला बरीच वर्षे लागली.

गंमत अशी की, या प्रश्नाचे नेमके उत्तर अगदी सुरुवातीलाच सापडले होते. आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पीएच.डी.साठी टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ तयार केले (१९६३). त्यात मूळ आकृती एकदाच काढून तिच्या हव्या तितक्या प्रती पानावर ठेवता येत. शिवाय मूळ आकृतीतले काही बिंदू ‘जोडबिंदू’ म्हणून आधीच ठरवता येत आणि प्रत हलवली तरी त्या बिंदूंना जोडलेल्या रेषा सुटत नसत. विद्युत सर्किट हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक होते. परंतु चिन्हांचा पुरेसा संग्रह नसल्यामुळे सर्किट काढण्यासाठी ते तेव्हा हाताहून सोयीचे ठरले नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते.

१९८२ साली आलेल्या ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधला ‘ब्लॉक’, म्हणजे एकत्र बांधून पुन्हा पुन्हा वापरता येणारा आकृतीचा तुकडा, उपयुक्त होता, परंतु साध्या ऑटोकॅडच्या दृष्टीने तार म्हणजे केवळ रेषा होती. ब्लॉक तारेवर ठेवला तर तार त्याच्याखालून तशीच जाई आणि दोन टोके एकमेकांना भिडली म्हणजे विद्युत जोड झाला, असे काही सॉफ्टवेअरला कळत नसे. हे ज्ञान ऑटोकॅडवर चढवलेल्या स्वतंत्र प्रणालींनी पुरवले. त्यांपैकी एक बनवणारी व्हीआयए डेव्हलपमेंट ही कंपनी ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २००३ मध्ये घेतली आणि तिच्या कामावर ऑटोकॅड इलेक्ट्रिकल उभे राहिले. त्यात घटक तारेवर ठेवताच तार तिथे आपोआप तुटते, आणि जपून ठेवलेले सर्किट घालताना त्यातल्या घटकांना नवे क्रमांक देता येतात.

जर्मनीत १९८४ पासून वाढलेल्या ईप्लान या विद्युत आखणीच्या सॉफ्टवेअरने वेगळी दिशा धरली. २००६ मध्ये आलेल्या त्याच्या इलेक्ट्रिक पी८ या आवृत्तीत समोरासमोर, एका सरळ आडव्या किंवा उभ्या रेषेत आलेले जोडबिंदू आपोआप जोडले जातात. म्हणजे तिथे ‘मॅक्रो’ या नावाने जपलेला तुकडा नेमक्या जागी ठेवणे हीच जोडणी असते. पान ओलांडणाऱ्या तारेसाठी मात्र दोन्ही बाजूंना एकाच नावाचे खंडबिंदू लावावे लागतात. या पद्धतीचा वेग मोहक आहे. पण चुकून एका रेषेत आलेले बिंदूही तितक्याच तत्परतेने जोडले जातात, हे तिथे काम करणाऱ्याला लवकरच शिकावे लागते. नावांच्या गोंधळावर इथे युरोपीय मानकांची मदत झाली : कार्यासाठी ‘=’, स्थानासाठी ‘+’ आणि घटकासाठी ‘-’ अशी उपसर्गचिन्हे असल्यामुळे दोन यंत्रभागांतले दोन ‘के१’ एकाच प्रकल्पात सुखाने नांदू शकतात.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला उपपान (मुख्य पानावर एका चौकटीने दाखवलेले, आत स्वतंत्र सर्किट असलेले पान) आणि त्याच्या कडेच्या पिना ही कल्पना रुजली. १९९२ मध्ये ग्रेनोबल इथे ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलेल्या, सर्वांना मोफत उपलब्ध असलेल्या कीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये उपपानाच्या पिनेचे नाव आतल्या श्रेणीबद्ध लेबलाशी (तारेला दिलेल्या, बाहेरच्या पानाशी जोडणाऱ्या नावाशी) जुळले की जोड होतो. जपून ठेवलेला तुकडा कुठल्याही प्रकल्पात घालण्यासाठी ‘डिझाइन ब्लॉक’ मात्र फेब्रुवारी २०२५ मधल्या नवव्या आवृत्तीत आले. असा ब्लॉक पानावर सुटा ओतता येतो किंवा उपपान म्हणून ठेवता येतो, आणि या निवडीवर त्याच्या टोकांचे भवितव्य ठरते. सुट्या ओतलेल्या दोन प्रतींमध्ये ‘रीसेट’ हे एकच स्थानिक लेबल (फक्त त्या पानापुरते तारेचे नाव) असेल, तर त्या दोन तारा गुपचूप एक होतात. उपपानात ते लेबल आतच राहते. पॉवरची नेहमीची चिन्हे आणि ग्लोबल (साऱ्या प्रकल्पभर लागू होणारी) लेबले मात्र ती भिंतही ओलांडतात.