होडी शाकारण्याआधी इंजिनाबद्दल वाचा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडी किनाऱ्यावर ओढून शाकारली की इंजिनालाही ६१ दिवसांची सुट्टी. मग नारळी पौर्णिमेच्या आसपास आमच्या वर्कशॉपसमोर रांग लागते आणि प्रत्येक नाखव्याची तक्रार तीच: “ठेवताना चांगलं होतं, आता स्टार्टच घेत नाही.” उघडून बघावं तर बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं. दोष टाकीत असतो.

डिझेल इंजिनाला प्लग नाही, ठिणगी नाही. मग पेट घेतं कसं? सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं ना, तेच इथे. हवा दाबली की तापते. पिस्टन वर येताना सिलिंडरातली सगळी हवा सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबतो. ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. नेमकं तेव्हा नोझल डिझेलचा फवारा मारतो आणि तो आपला आपण पेटतो. पिस्टन खाली ढकलला जातो, क्रँक फिरतो, शाफ्ट फिरतो, पंखा पाणी कापतो. हवा आत, दाब, पेट, धूर बाहेर, असे चार स्ट्रोक होईपर्यंत क्रँकचे दोन फेरे. म्हणजे १५०० आरपीएमला एकेका सिलिंडरात मिनिटाला ७५० वेळा पेट. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत १८९७ साली हे चालवून दाखवलं, तत्त्व अजून तेच आहे.

सगळा खेळ दाबाचा आणि फवाऱ्याचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब सुटतो, हवा पुरेशी तापत नाही आणि सकाळी इंजिन पांढरा धूर सोडत नुसतं गरगरतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर ऑइल जळतंय.

नोझल टेस्टिंगला आणाल तेव्हा दोन मिनिटं थांबून बघा. हँडल दाबलं की चांगला नोझल २०० बारच्या आसपास उघडतो, म्हणजे गाडीच्या टायरातल्या हवेच्या जवळपास शंभरपट दाबाला. कर्र आवाज करतो आणि धुकं पडावं तसा फवारा सोडतो. बिघडलेला पिचकारी मारतो, नाहीतर टोकाला थेंब लोंबतो. थेंब धड जळत नाही, धूर करतो. बघा, पण फवाऱ्यासमोर बोट धरू नका. कातडी फोडून डिझेल आत जातं.

नोझलची सुई आणि नोझलकडे डिझेल दाबणाऱ्या पंपाचा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, यांना वंगण डिझेलचंच. तिथे पाणी पोचलं, त्यातून खारं, की गंज धरतो आणि सुई अडकते. हे पाणी कॅनमधून येतं, पावसातून येतं, आणि सगळ्यात गुपचूप येतं ते हवेतून. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्याची दमट हवा आत घेते आणि रात्री पत्रा गार झाला की आतून घाम फुटतो. पाणी जड, तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून बुळबुळीत काळपट थर धरतो. ऑगस्टात होडी लाटेवर डुलली की तो सगळा फिल्टरात.

म्हणून बंदीआधी टाकी गळ्यापर्यंत भरा. होडी उतरवण्याआधी तळाचा नळ सोडून पहिलं लिटरभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी साफ करायलाच हवी. पुसायला सुताचा बोळा मात्र नको. दोन वर्षांपूर्वी आमच्याच कारागिराने तो वापरला, सुतं फिल्टरात अडकली आणि होडी बंदराच्या तोंडाशी बंद पडली. ओढून आणायचा खर्च आम्ही भरला.

फिल्टर बदलला की लाइनमधली एअर काढा. हवा दबते, डिझेल जवळपास दबत नाही. लाइनमध्ये बुडबुडा असला तर पंपाचा जोर त्यालाच दाबण्यात जातो, नोझल उघडतच नाही. बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत राहू नका. ब्लीडिंग स्क्रू सैल करा, हातपंप मारा, फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळा.

गणपती ते शिमगा गावच्या पडवीत झाकून ठेवलेली चाकरमान्यांची स्कूटर, हाही आमचा नेहमीचा पाहुणा. पेट्रोलला ठिणगी लागते; नुसत्या दाबाने आधीच पेटलं तर इंजिनात ठोके पडतात, म्हणून तिथे दाब दहाएक पटच. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घसरलं तर लगेच गाडीला दोष देऊ नका. पण इथेनॉल पाणी ओढतं. थोडं असेल तोवर पोटात घेतं. जास्त झालं की दोघं मिळून तळाशी उतरतात आणि इंजिनाला तेच आधी जातं. वरच्या पेट्रोलाचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता दाब सोसायची ताकद, तोही घसरलेला असतो, म्हणून नुसता तळ काढून भागत नाही, सगळंच बदलावं लागतं. सहा महिने गाडी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून जा.

डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल पडलं तर चावीला हात लावू नका, आधी फोन करा.

नोझल आणि पंप मे महिन्यातच आणून द्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आलेलं काम १ ऑगस्टला मिळेल, असं आम्ही कोणालाच सांगत नाही.