प्रोसेसरचे वारंवारता नियमन

संगणक चालू असतानाच प्रोसेसरची क्लॉक वारंवारता (सेकंदाला पडणारे ठोके), आणि तिच्यासोबत त्याला मिळणारे व्होल्टेज, कामाच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त करण्याची पद्धत. पूर्ण नाव डायनॅमिक व्होल्टेज अँड फ्रीक्वेन्सी स्केलिंग; एरवी नुसते डीव्हीएफएस म्हणतात. लॅपटॉप आणि मोबाइलची बॅटरी जास्त वेळ टिकावी हा मुख्य हेतू. पंखा शांत राहतो आणि मांडीला चटके बसत नाहीत, हा वरचा फायदा.

सीमॉस (आजच्या बहुतेक चिप ज्या प्रकारच्या असतात त्या) मंडलातले ट्रान्झिस्टर उघडझाप करतात तेव्हा खर्च होणारी शक्ती ही धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. मेख त्या वर्गात आहे. नुसती वारंवारता निम्मी केली तर वॅट निम्मे होतात, पण तेच काम उरकायला दुप्पट वेळ लागतो आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. वारंवारता उतरली की ट्रान्झिस्टरना स्थिती बदलायला जास्त अवधी मिळतो, म्हणून कमी व्होल्टेजवरही भागते. खरी बचत इथे होते. पेंटियम ४ च्या काळात लिनक्स कार्यप्रणालीत पी४-क्लॉकमॉड नावाचा ड्रायव्हर (यंत्रभाग हाताळणारा प्रोग्रॅम) होता. तो व्होल्टेजला हात न लावता क्लॉकचे काही ठोके गाळत असे. मुळात ती चिप तापू नये म्हणून केलेली सोय. तिच्या भरवशावर बॅटरी वाचवू पाहणाऱ्यांना मंद संगणक तेवढा मिळाला.

कल्पना १९९४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मार्क वायझर आणि सहकाऱ्यांनी नीट मांडली. एका ज्यूलमध्ये किती दशलक्ष सूचना पार पडतात, हे त्यांनी मोजमाप धरले. बाजारात ती आली जानेवारी २००० मध्ये, इंटेलच्या स्पीडस्टेपमधून. ट्रान्समेटाने क्रूसो प्रोसेसरचे लाँगरन तंत्र जाहीर केले तेही त्याच महिन्यात. सुरुवातीच्या स्पीडस्टेपमध्ये दोनच पायऱ्या होत्या. ६५० मेगाहर्ट्झचा मोबाइल पेंटियम थ्री प्लगवर १.६ व्होल्ट घेई. बॅटरीवर तो ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर उतरे. वेग सुमारे २३ टक्के घटला तरी उघडझापीची शक्ती सूत्राप्रमाणे ४५ टक्के घटते.

२००३ च्या पेंटियम एममध्ये पायऱ्या वाढल्या, आणि त्याचे आकडे सगळा पेच उघडा करतात. १.६ गिगाहर्ट्झ आणि १.४८४ व्होल्टला त्याची औष्णिक मर्यादा (थंड ठेवण्याच्या सोयीसाठी धरलेली शक्ती) २४.५ वॅट होती. ६०० मेगाहर्ट्झ आणि ०.९५६ व्होल्टला ६ वॅट. एका ठोक्यामागे हिशेब केला तर साधारण १५ नॅनोज्यूलचे १० झाले, म्हणजे एक तृतीयांश बचत. आता स्क्रीन, मेमरी, डिस्क मिळून आणखी १० वॅट खातात असे धरू. पूर्ण वेगाने दहा सेकंदांत संपणाऱ्या कामाला ३४५ ज्यूल लागतील. मंद वेगाने तेच काम जवळपास सत्तावीस सेकंद चालेल आणि एकूण खर्च ४२० ज्यूलच्या पुढे जाईल. काम संपताच झाकण मिटणार असाल तर पळणेच स्वस्त. लेख टाइप करताना मात्र स्क्रीन तशीही चालूच असते, तेव्हा मंद ठोकेच फायद्याचे. ‘सगळ्यात कमी वेग म्हणजे सगळ्यात कमी वीज’ हा समज म्हणूनच अर्धवट आहे, आणि तो फार पसरलेला आहे.

पळून काम संपवायचे आणि लगेच झोपायचे, हे धोरण शक्य होते ते प्रोसेसरच्या निष्क्रिय अवस्थांमुळे. उथळ अवस्थेत गाभ्याचे (कोरचे) क्लॉक थांबते, खोल अवस्थेत त्याचा पुरवठाच जवळपास तोडला जातो आणि बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपणाऱ्या विजेची गळतीही आटोक्यात येते. पण झोप लागू दिली पाहिजे. लिनक्सच्या जुन्या कर्नलमध्ये (कार्यप्रणालीच्या मूळ भागात) टाइमर सेकंदाला हजार वेळा प्रोसेसरला उठवत असे, काम असो वा नसो. २००७ च्या २.६.२१ आवृत्तीत हा ठोका गरजेपुरता झाला. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या पॉवरटॉपने कोणता प्रोग्रॅम किती वेळा उठवतो ते दाखवायला सुरुवात केली आणि कित्येक निरुपद्रवी वाटणारे प्रोग्रॅम उघडे पडले.

वेग कधी बदलायचा हे लिनक्समध्ये ‘गव्हर्नर’ ठरवतो. ऑनडिमांड हा ठरावीक अंतराने भार पाहतो. उंबरठा ओलांडला की थेट वरच्या टोकाला जातो. कॉन्झर्व्हेटिव्ह पायरी-पायरीने चढतो. २०१६ पासूनचा शेड्युटिल कामांचा क्रम लावणाऱ्या शेड्युलरकडूनच भार विचारतो आणि त्याला सव्वापट धरून वेग मागतो, म्हणजे थोडी मोकळीक उरते. ऑनडिमांडची एक खुंटी उपयोगी आहे: कमी प्राधान्याच्या कामांचा भार मोजायचा नाही असे सांगता येते, त्यामुळे पार्श्वभूमीला चाललेल्या फाइलींच्या अनुक्रमणिकेसाठी वेग चढत नाही. पॉवरसेव्ह हे नाव मात्र सांभाळून वाचावे. सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये तो प्रोसेसरला तळाच्या वेगाला खिळवतो, तर इंटेल पीस्टेट ड्रायव्हरच्या सक्रिय पद्धतीत त्याच नावाखाली वेग भाराप्रमाणे बदलत राहतो.

२०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलच्या चिप हा निर्णय स्पीड शिफ्टने स्वतःच घेऊ शकतात. कार्यप्रणाली फक्त कल सांगते: ० म्हणजे वेग हवा, २५५ म्हणजे वीज वाचव. अशा यंत्रावर ऑनडिमांडचे उंबरठे बदलण्याचे जुने सल्ले बिनकामाचे ठरतात. तिथे सर्वांत सरळ उपाय टर्बो (गरजेला नेहमीच्या वेगाच्या वर जाण्याची सोय) बंद करणे हा, कारण वरच्या टोकाच्या वारंवारतेला व्होल्टेजही सर्वाधिक लागते. विंडोजमध्ये बॅटरीवरची कमाल प्रोसेसर स्थिती ९९ टक्के केली की बहुतेक इंटेल लॅपटॉपवर टर्बो थांबतो. ब्राउझर आणि वर्डपुरते काम असेल तर फरक क्वचितच जाणवतो.

कारखान्यात ठेवलेली व्होल्टेजची राखीव मर्यादा कमी करण्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. यात वेग न घटता वीज वाचते, पण मर्यादा जास्त कापली तर यंत्र अचानक बंद पडते. २०१९ मध्ये संशोधकांनी प्लंडरव्होल्ट हा हल्ला दाखवला. त्यात हेच व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून खाली ओढून इंटेलच्या संरक्षित एसजीएक्स कप्प्यातल्या गणितात चुका घडवून आणल्या होत्या आणि त्यांतून गुप्त किल्ल्या काढल्या होत्या. त्यावरच्या दुरुस्तीत व्होल्टेज बदलण्याची वाट बंद करण्याची सोय आली, आणि बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर कित्येक लॅपटॉपवर अंडरव्होल्टिंग थांबले.