टॉक टॉक

लंडनमध्ये १९८१ साली स्थापन झालेला ब्रिटिश रॉक बँड. गायक व गीतकार मार्क हॉलिस, बासवादक पॉल वेब, ड्रमवादक ली हॅरिस आणि कीबोर्डवादक सायमन ब्रेनर हे मूळ सदस्य. पहिला आणि शेवटचा अल्बम लागोपाठ ऐकला, तर हॉलिस यांचा कातर आवाज सोडून बँडची ओळख पटवणारे फारसे काही सापडत नाही.

‘द पार्टीज ओव्हर’ (१९८२) हा सिंथेसायझरवर बेतलेला सरळ पॉप होता. निर्माते कॉलिन थर्स्टन आणि ध्वनिमुद्रण कंपनी ईएमआय, दोन्ही ड्युरान ड्युरान या बँडचेच. त्यामुळे होणारी तुलना अगदीच गैरलागू नव्हती. ब्रेनर लवकरच बाहेर पडले. त्यानंतर आलेले टिम फ्रीझ-ग्रीन अधिकृत सदस्य कधीच झाले नाहीत, पण निर्माते व हॉलिस यांचे सहरचनाकार म्हणून पुढचे वळण बरेचसे त्यांचेच. ‘इट्स माय लाइफ’ (१९८४) नंतर आलेल्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’मध्ये (१९८६) सिंथेसायझर मागे पडला, पियानो, गिटार, स्टीव्ह विनवूड यांचा ऑर्गन आणि मुलांचे समूहगान पुढे आले. अल्बम चांगला खपला आणि कंपनीने पुढच्या कामासाठी हात सैल सोडला.

त्या पैशातून आला ‘स्पिरिट ऑफ इडन’ (१९८८). लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रक फिल ब्राउन यांच्यासह कित्येक महिने काम चालले. स्टुडिओत जवळजवळ अंधार, भिंतींवर प्रोजेक्टरचे तरंगते रंग. व्हायोलिनवादक नायजेल केनेडी, डबल बासवादक डॅनी थॉम्पसन यांच्यासारखे पाहुणे मनाला येईल तसे वाजवत. त्यातले बहुतेक फेकून दिले जाई आणि उरलेले तुकडे जोडून रचना उभी राही. ‘द रेनबो’मध्ये ट्रम्पेट आणि तंतुवाद्ये बराच वेळ चाचपडत राहतात, ड्रम आणि हार्मोनिका त्यानंतर. उत्स्फूर्त वाटणारे हे संगीत प्रत्यक्षात कठोर संपादनातून घडले आहे, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. रेडिओवर वाजेल असे त्यात जवळजवळ काहीच नव्हते. दौराही झाला नाही. १९८६ नंतर बँड मंचावर आलाच नाही. ईएमआयशी करारावरून कोर्टकज्जा झाला आणि अपिलात बँड सुटला.

‘लाफिंग स्टॉक’ (१९९१) व्हर्व्ह या दुसऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी झाला. तोवर वेब यांनी बँड सोडला होता. अल्बमची सुरुवातच अॅम्प्लिफायरच्या बारीक खरखरीने होते. ‘आफ्टर द फ्लड’मधला एकल भाग जवळजवळ एकाच सुरावर खेचलेला, चिरफाळलेला, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यंत्र बिघडल्याची शंका यावी इतका. यानंतर बँड संपला. पुढे ज्याला पोस्ट-रॉक (रॉकची वाद्ये, पण गाण्याची नेहमीची चौकट सोडलेले संगीत) म्हटले गेले, त्याच्या उगमाशी हे शेवटचे दोन अल्बम नेहमी सांगितले जातात.

हॉलिस यांनी १९९८ मध्ये बहुतांशी ध्वनिक वाद्यांवरचा एकच एकल अल्बम केला आणि ते संगीतव्यवसायातून जवळजवळ निवृत्त झाले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.