जोआंव जिल्बेर्तो

जोआंव जिल्बेर्तो (१० जून १९३१ – ६ जुलै २०१९) हे ब्राझीलचे गायक आणि गिटारवादक. बोसा नोव्हा नावाचा गाण्याचा प्रकार जगभर पोचला, त्यामागचा आवाज आणि त्याहून जास्त त्यामागची गिटार यांची. जन्म बाहिया राज्यातल्या जुआझेइरोचा, साओ फ्रान्सिस्को नदीकाठचा.

१९५० मध्ये रिओला आले ते गारोतोस दा लुआ या ग्रुपमध्ये गायला, पण वेळेवर येत नाहीत म्हणून काढून टाकलं. तेव्हा ते त्या काळच्या फॅशनप्रमाणे चांगलं भरदार आवाजात गायचे, हे लोकांना माहीतच नसतं. मग काम नाही, पैसा नाही, शेवटी मिनास जेराइसमधल्या दियामांतिनाला बहिणीच्या घरी जाऊन राहिले आणि तिथे बाथरूमचं दार लावून तासन् तास गिटार आणि गळ्याचा रियाज करत बसायचे, कारण त्या बंद जागेत बारीक आवाजही स्पष्ट घुमतो. आवाज कमी केला की सूर हलवावा लागत नाही, श्वास पुरतो आणि शब्द पुढेमागे सरकवता येतात, ही सगळी गंमत त्यांना तिथे सापडली असं म्हणतात.

गिटारवर अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलाचा, म्हणजे सुर्दूचा ठेका धरतो, बाकीची बोटं तांबोरिम या छोट्या तालवाद्यासारखी तुटक स्वरमेळ वाजवतात, आणि गाणं या ठेक्याच्या कधी जरा आधी तर कधी जरा मागून येतं, तरी समेवर चुकत नाही. ऐकायला इतकं सोपं वाटतं ना, वाजवायला बसलं की कळतं!

जुलै १९५८ मध्ये त्यांनी 'शेगा दे सौदादे' रेकॉर्ड केलं, चाल तॉम जोबिम यांची, शब्द विनिसियुस दि मोराइस यांचे. सौदादे म्हणजे जवळजवळ आपली हुरहूर, आणि शेगा म्हणजे आता पुरे. आवाजाला एक आणि गिटारला एक असे दोन माइक त्यांनी मागितले, तेव्हा हे नवीनच होतं. १९५९ ला याच नावाचा अल्बम आला आणि काएतानो वेलोझो, जिल्बेर्तो जिल यांच्यासारख्या, पुढे मोठे गायक झालेल्या तेव्हाच्या पोरांचं आयुष्य त्याने बदललं.

नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला, पुढच्याच वर्षी सॅक्सोफोनवाले स्टॅन गेट्झ यांच्याबरोबर रेकॉर्डिंग. 'गेट्झ/जिल्बेर्तो' १९६४ ला निघाला, त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. त्यातल्या 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' या गाण्याचा जो सिंगल गाजला त्यात मात्र जोआंव यांचा पोर्तुगीज भाग कापून फक्त त्यांची तेव्हाची पत्नी आस्त्रुद हिचा इंग्रजी भाग ठेवला होता, त्यामुळे बाहेरच्या बऱ्याच लोकांना त्यांचा आवाज माहीतच झाला नाही, आणि हे खरंच वाईट वाटण्यासारखं आहे.

नंतर बरीच वर्षं अमेरिका, मध्ये काही काळ मेक्सिको. १९७३ चा पांढऱ्या कव्हरचा अल्बम जरूर ऐका, आवाज, गिटार आणि हलकासा ठेका, बस्स, माझ्या मते त्यांचं सर्वात शुद्ध काम तेच. १९७७ चा 'आमोरोझो' वायोलिनच्या ताफ्यासह आहे. २००० मध्ये वेलोझो यांनी निर्मिती केलेला 'जोआंव, व्होझ इ व्हिओलांव' आला, पुन्हा नुसता गळा आणि गिटार, त्यालाही ग्रॅमी. शेवटचे कार्यक्रम २००८ चे. त्यानंतर रिओतल्या घरातच असायचे, फार कोणाला भेटत नसत, तिथेच ८८ व्या वर्षी गेले. गायिका बेबेल जिल्बेर्तो ही त्यांची आणि त्यांची नंतरची पत्नी मिऊशा यांची मुलगी.